ठिपकेवाल्यांची बस

भुर्रवहिनीला ते नाव कांडीमुळे पडलं.

टोमॅटोच्या पॉलीहाऊसमध्ये ती कामाला लागली त्या दिवशी मुकादमानं तिच्या हातात बॅटरीवर चालणारी एक कांडी दिली. टोमॅटोचं फूल ही महाचिक्कू जात. पराग आतल्या पिवळ्या सुळक्यात कोंडून ठेवतं आणि कुणी धरून गदगदा हलवल्याशिवाय कणभरही सोडत नाही. उघड्या रानात हे काम वारा करतो, माश्या करतात. प्लास्टिकच्या छताखाली दोघांचाही पत्ता नाही, म्हणून तिथे बायका. घोसाच्या देठाला कांडी टेकवायची, बटण दाबायचं, भुर्र. पुढचा घोस, भुर्र. पलीकडच्या ओळीतली बाई पानांमुळे दिसायची नाही, पण तिची कांडी ऐकू यायची; आणि सगळ्यांत न अडखळता, एका लयीत जे भुर्र यायचं ते हिचं. नवरा त्याच रस्त्यावरच्या बसचा ड्रायव्हर. कामावरची सगळी माणसं त्याच्याच बसनं यायची आणि त्याला दादा म्हणायची, मग ही आपोआप वहिनी झाली. दोन्ही जोडून भुर्रवहिनी. सासूबाईंना हे नाव इतकं पसंत पडलं की रागावताना त्या तेच वापरू लागल्या.

नऊ वर्षं तिनं कांडी चालवली आणि मग मनगटानं हात टेकले. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग चहाचा कप सुटला. मग ओला टॉवेल पिळता येईना, तो नवरा पिळून द्यायला लागला. डॉक्टर म्हणाले, हाताला विश्रांती द्या. हे तिनं मुकादमाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला की फुलं काही विश्रांती घेत नाहीत. माणूस वाईट नव्हता. फक्त कांड्यांवर त्याचा फार जीव. रोज संध्याकाळी त्या पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवल्याशिवाय त्याचा पाय घराकडे वळत नसे.

त्याच सुमाराला मालकीणबाईंच्या कानावर आलं की काही जातींच्या माश्या हे काम फुकटात करतात, आणि त्यांनी शेती संशोधन केंद्रातल्या एका बाईंना बोलावलं. त्या हातगाडीवर मातीचे ठोकळे घेऊन आल्या. लाकडी खोक्यांत चिखल ठासून वाळवलेला, त्यात पेन्सिलीनं पाडल्यासारखी भोकं. त्याच दिवसापासून त्या सगळ्यांच्या ठोकळेबाई झाल्या. त्यांनी समजावून सांगितलं की ह्या मधमाश्यांच्याच नात्यातल्या, पण पोळं करत नाहीत, मध साठवत नाहीत, ह्यांच्यात राणी नाही नि दासी नाही. प्रत्येक बाई स्वतंत्र. आपलं भोक आपण कोरते, आपली पोरं आपण वाढवते. मऊ माती दिसली की तिथे बिऱ्हाड करते.

ठोकळे कुणी सांभाळायचे हा प्रश्न आला तेव्हा मुकादमानं ते वहिनीच्या गळ्यात घातले. एका हाताच्या बाईला दुसरं काय द्यायचं, असा त्याचा हिशोब होता. काम म्हटलं तर पोरखेळ. सकाळी कडेचे पडदे गुंडाळून वर करायचे म्हणजे माश्यांना बाहेर जाता येतं, संध्याकाळी सोडायचे. ठोकळ्यांवर पाणी शिंपडायचं, पण इतकंच की माती मऊ राहील आणि ढासळणार नाही. मुंग्यांना दूर ठेवायचं. कुंपणालगत जांभळ्या फुलांची झुडपं लावली होती, त्यांना जपायचं, कारण टोमॅटोच्या फुलात मधाचा थेंबही नसतो. माशीचं पोट भरतं ते झुडपांवर.

पहिल्या आठवड्यातच माश्या आल्या. छातीवर तपकिरी लव, पोटावर निळसर चमकते पट्टे, आणि सदा घाईत, गॅसवर दूध ठेवून आल्यासारख्या. पट्टेवाली फुलाला खालून लोंबकळायची, पिवळ्या सुळक्याला दातांनी धरायची आणि अंग थरथरवायची. भुर्र. पराग तिच्या पोटावर झडायचा, पुढच्या फुलाला लागायचा. वहिनी कान लावून ऐकत राहिली. कांडीपेक्षा हा सूर जरा वरचा होता.

"म्हणजे नऊ वर्षं मी माशीचं काम करत होते," ती म्हणाली, "आणि तेही बेसूर."

त्या हंगामात, तिन्हींपैकी ठोकळे ठेवलेल्या दोन नंबरच्या पॉलीहाऊसला कांडी लागली नाही. वहिनीच्या बोटांतल्या मुंग्या ओसरल्या. ती दिवसभर ठोकळ्यांपुढे उलट्या बादलीवर बसून कोण आलं कोण गेलं बघायची. मुकादम जाता येता म्हणायचा, वहिनी, चाळीची मालकीण झालात, भाडं वसूल करा.

आता चाळ म्हटली की भाडेकरू आले, आणि भाडेकरू आले की त्यांची काळजी आली. संध्याकाळी पडदे सोडताना तिला दिसलं की कुंपणाजवळच्या वाळक्या काड्यांवर काही माश्या ओळीनं चिकटल्यात. चिकटल्या म्हणजे कशा, तर काडी दातांत धरून, पाय पोटाशी घेऊन, अंग हवेत सोडून. झोपायची ही कुठली तऱ्हा? ठोकळेबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, ते पट्टेवाल्यांचे नर, त्यांना घर नसतं, ते असेच झोपतात. वहिनी हळहळली, पण पुरुषमाणसं आहेत, निभावतील, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही.

मग एका संध्याकाळी त्या ओळीत वेगळीच कुणी तरी दिसली. कोळशासारखी काळी कुळकुळीत, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी ठिपक्यांच्या रांगा. ठिपके निळे, गॅसच्या ज्योतीसारखे. तोंडावर पांढुरकी निळी लव, पंख काजळीत बुडवल्यासारखे धुरकट. दुसऱ्या दिवशी वहिनीनं तिला उजेडात पाहिलं. ठोकळ्यांपुढून ती सावकाश तरंगत होती, एकेका भोकापाशी थांबत, वास घेत, पुढे सरकत. काही घ्यायचं नसताना दुकानात हिंडणाऱ्या बाईसारखी. पायांना परागाचा कण नाही. ओझं नाही, घाई नाही, धाप नाही.

घरी तिनं हे वर्णन केलं तेव्हा सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या की त्यात काय कळायचं. ज्या घरात एक बाई झटते आणि दुसरी नटून नुसती फिरते, त्या घरात फिरणारीच मोठी असते. वहिनीला हे पटलं. ठोकळेबाईंनी राणी नसते म्हणून सांगितलं होतं खरं, पण मोठी जाऊ नसते असं कुठे म्हणाल्या होत्या?

आणि एवढी मोठी जाऊ, ती बाहेर काडीला दातांनी लटकून झोपते, दवात भिजते, हे वहिनीला बघवेना. तिनं कात्री घेतली. ठिपकेवाली जिथे झोपली असेल तेवढी काडी अलगद कापायची, वाळू भरलेल्या बाटलीत खोचायची, आणि बाटली आत आणून थेट ठोकळ्यांशेजारी ठेवायची. वरून पडदा सोडायचा. झोपलेल्या ठिपकेवाल्या ह्या सगळ्यात डोळासुद्धा हलवायच्या नाहीत. सकाळी ऊन आलं की त्या अंग ताणायच्या, आणि समोरच दार.

कधी कधी एखादी पट्टेवाली परागाचं ओझं घेऊन परत यायची, दारात ठिपकेवाली बघायची आणि चवताळून तिच्या अंगावर जायची. ठिपकेवाली मग अंगाची गोळी करून मातीत पडायची, मण्यासारखी. वहिनीला ते फार लागायचं. ती एप्रन झटकून पट्टेवालीला हाकलायची, वर दम द्यायची की घरातल्या घरात भांडणं चालणार नाहीत. मग मणी उचलून फळीवर ठेवायची. थोड्या वेळानं मणी उलगडायचा आणि भोकात जायचा.

असा पाहुणचार महिना दीड महिना चालला. ठिपकेवाल्या वाढल्या. वहिनीला त्याचा अभिमान वाटला.

हंगाम संपता संपता ठोकळेबाई पाहणीला आल्या. वहिनी त्यांना हाताला धरूनच घेऊन गेली आणि बाटलीतल्या काड्या दाखवल्या. म्हणाली, तुमच्या पुस्तकात नसेल, पण ह्यांच्यात थोरली असते, आणि थोरलीची मी आत सोय केलीय. ठोकळेबाईंनी बाटलीकडे पाहिलं. ठोकळ्यांकडे पाहिलं. दोन्हींमधलं अंतर पाहिलं, ते वीतभर होतं. त्यांनी ओठ चावला. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना, उलट्या बादलीवर बसून त्या डोळे पुसत राहिल्या, आणि वहिनीही कारण न कळता थोडं हसली.

हसणं ओसरल्यावर त्यांनी कडेचा एक ठोकळा सुरीनं उकलला. आत शेंगदाण्याएवढ्या मातीच्या कोठड्या, आतून मेण चोपडल्यासारख्या गुळगुळीत. प्रत्येकीत परागाचं आणि मधाचं पातळसर कालवण आणि त्यावर एक अंडं, वर मातीचं झाकण. ही पट्टेवालीची कष्टाची कमाई. मग त्यांनी शेजारची कोठडी उघडली आणि वहिनीच्या हातात भिंग दिलं. आत एक इवलीशी अळी होती, आणि तिच्या तोंडाला दोन विळे.

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते तशातली ही, ठोकळेबाई म्हणाल्या. हिला घर कोरता येत नाही, पराग वाहायला पायांना केससुद्धा नाहीत. ही दारावर पाळत ठेवते. घरधनीण बाहेर पडली की आत शिरते, बंद कोठडीचं झाकण फोडते, आपलं अंडं घालते आणि झाकण होतं तसं लिंपून निघून जाते. हिचं पोर आधी जन्मतं. विळ्यांनी शेजारच्या अंड्याचा निकाल लावतं आणि भरलं ताट एकटं संपवतं. धनीण दारात भेटलीच तर अंगाची गोळी करायची; कातडी इतकी जाड की नांगी शिरत नाही.

वहिनी बराच वेळ भिंगातून बघत राहिली.

"म्हणजे मी चोरांना दारातच खाटा टाकून दिल्या," ती म्हणाली. "आणि घरचीला एप्रननं हाकललं."

"सकाळी चालतसुद्धा यावं लागलं नाही त्यांना," ठोकळेबाई म्हणाल्या, आणि पुन्हा त्यांचा तोल गेला.

चहाच्या सुट्टीपर्यंत ही बातमी तीनही पॉलीहाऊसमध्ये फिरली होती. पॅकिंगच्या बायकांनी वहिनीला विचारलं की आमच्या घराची किल्लीपण ठेवायचीय, ठेवता का. मुकादम नुसता उठला, कपाट उघडून कांड्या मोजल्यासारखं केलं आणि शीळ घालत परत आला. ती शीळ वहिनीला सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त झोंबली.

मालकीणबाई रागावल्या नाहीत. त्यांचा स्वभाव तसा नव्हता. त्या नुसता विचार करायच्या आणि ते जास्त अवघड जायचं. कोठड्यांतल्या अळ्या थंडीभर मातीत झोपणार, आणि ऊन तापल्यावर त्यातून नव्या माश्या निघणार. किती पट्टेवाल्या आणि किती ठिपकेवाल्या, हे तेव्हाच कळणार. दोन नंबरच्या पुढच्या पिकाचा तिसरा घोस उमलेपर्यंत मी वाट बघीन, त्या म्हणाल्या. तोवर माश्या पुरेशा दिसल्या तर उत्तम. नाही तर कांड्या निघतील. आणि वहिनी, मग तुम्हालाही एक धरावी लागेल, बसून द्यायला माझ्याकडे काम नाही.

वहिनीनं हो म्हटलं आणि नकळत उजवं मनगट डाव्या हातात धरलं.

हंगामाचे काही दिवस अजून बाकी होते आणि ठिपकेवाल्या अजून अंडी घालत होत्या. मुकादमानं तिला माश्या मारायची प्लास्टिकची जाळी आणून दिली. सोपं आहे, म्हणाला, संध्याकाळी काडीवर लटकलेल्या असतात, बटणं तोडल्यासारख्या तोडायच्या. वहिनी जाळी घेऊन कुंपणापाशी गेली खरी. पण त्याच काड्यांवर, ठिपकेवाल्यांच्या खांद्याला खांदा लावून, पट्टेवाल्यांचे नर झोपले होते. जाळीला पट्टा कळत नाही की ठिपका कळत नाही. एकीला हाणावं तर पुढच्या वर्षीच्या बापांवर घाव. आणि खरं सांगायचं तर नर नसते तरी तिचा हात उठला नसता. महिनाभर जिला पांघरूण घातल्यासारखं केलं तिला झोपेत मारायचं, हे काही तिला जमण्यातलं नव्हतं.

ती तशीच बसून राहिली, तोवर फाटकाबाहेर नवऱ्याच्या बसचा हॉर्न वाजला. ही बस पुढे शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि तो थांबा म्हणजे जुनी वीटभट्टी. भट्टी बंद होती, पण माती काढून काढून तिथे जो उभा कडा तयार झाला होता त्यात म्हणे भोकंच भोकं होती. ठोकळेबाईंनी पहिल्या माश्या तिथेच पाहिल्या होत्या. वहिनीनं जाळी टाकली, कात्री उचलली. झोपलेल्याला उचलून दुसरीकडे नेण्यात तिचा हात आता बसलेलाच होता. ठिपकेवालीपुरती काडी तोडायची, नर होते तिथेच ठेवायचे. काड्या खोचायला डब्यातला उरलेला उकडलेला बटाटा सापडला. साळिंदरासारखा तो बटाटा हातात धरून ती बसमध्ये चढली आणि नेहमीप्रमाणे नवऱ्याजवळ, इंजिनाच्या झाकणाशेजारी बसली.

इथेच चुकलं. इंजिनाचं झाकण म्हणजे चुलीसारखं गरम. चार थांबे गेले आणि ठिपकेवाल्यांना वाटलं सकाळ झाली. एकीनं पाय ताणले. दुसरीनं पंख पुसले. वहिनी वाकून हळूच म्हणाली, "अहो, ह्या उठायला लागल्या."

"कोण?" नवऱ्यानं आरशात पाहिलं. मग बटाट्याकडे पाहिलं. "बस थांबवू?"

"थांबवू नका. जोरात घ्या, खिडकीतून वारा लागला की गार होतील."

पंधरा वर्षांच्या नोकरीत ज्या माणसानं पिवळा दिवा कधी ओलांडला नव्हता त्यानं त्या संध्याकाळी बस अशी पळवली की मागच्या बाकावरचे आजोबा जागे होऊन कुठली गाडी म्हणून विचारू लागले. तीन ठिपकेवाल्या तरीही उडाल्या. एक ड्रायव्हरपुढच्या मीटरवर बसली, एक कंडक्टरच्या टोपीवर, एक दिव्याभोवती फिरत राहिली. वहिनी सगळ्यांना सांगत होती की ह्या कामाच्या नाहीत, ह्यांना हाणू नका, ह्या आळशी आहेत, चावायचेसुद्धा कष्ट घेत नाहीत. कंडक्टर टोपी न हलवता मान ताठ धरून उभा राहिला आणि ओठांतल्या ओठांत विचारता झाला की ह्यांची तिकिटं कुणी काढायची. शेवटच्या थांब्यावर त्याची टोपी वहिनीनंच दोन्ही हातांनी उतरवली.

दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या दाराशी, वाऱ्याला बसू लागली. घरी ही हकिगत ऐकून सासूबाई म्हणाल्या, मलाही बघायच्यात. तिसऱ्या दिवशी त्या ठेवणीतले बूट घालून फाटकाशी हजर. बटाटा त्यांनी आपल्या मांडीवर घेतला, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ त्या झोपलेल्या काळ्या बायांकडे निरखून पाहिलं. वहिनी त्यांना सांगत होती की कशा ह्या दुसरीच्या घरात शिरतात, कसं दुसरीच्या कष्टावर पोर वाढवतात.

"म्हणजे आयुष्यभर स्वयंपाक नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"भांडी?"

"घरच नाही, आई, तर भांडी कुठली."

"सुटली बाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतका मनापासून हेवा होता की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली.

"पण दातांनी लटकून झोपावं लागतं, ते बघा की."

"मला पलंग आहे. झोप कुठाय? तुझा सासरा आयुष्यभर घोरला." त्यांनी एका काडीवर पडू पाहणारी धूळ फुंकली. "चोर आहे ते खरं. पण कसली ऐटीत झोपलीय."

त्यानंतर सासूबाईंनी एकही फेरी चुकवली नाही. वहिनी काड्या कड्याखालच्या गवतात खोचायची, त्या तोवर बसच्या पायरीवर उभं राहून ड्रायव्हरला, म्हणजे पोटच्या पोराला, सांगायच्या की पाच मिनिटं उशीर झाला तर काही आभाळ कोसळत नाही. ठोकळेबाईंना फोनवर हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, चांगलं केलंत. ठिपकेवाली भरल्या घरातच येते. जिथे पट्टेवाल्यांची चलती तिथेच तिचं भागतं. चार दोन राहिल्या तरी बिघडत नाही. फक्त खाटा नका टाकू.

मग थंडी आली. पट्टेवाल्या गेल्या, ठिपकेवाल्या गेल्या, भोकं मातीनं बुजलेली. वहिनीनं ठोकळे पोत्यानं झाकले. रोज सकाळी ती पोतं उचलून बघायची, बघण्यासारखं काही नसायचं, मग पुन्हा झाकायची. ठोकळा उकलून पाहायची तिला फार हुक्की यायची, पण उकललं तर जे असेल तेही मरणार. आत कोण झोपलंय, घरची की चोर, हे माहीत नसताना तिनं सबंध थंडी त्यांच्या उशाशी काढली. दरम्यान पॅकिंगला बसून टोमॅटो निवडायचं काम तिला दिलं होतं, डाव्या हातानं जमेल तेवढं.

ऊन तापलं. दोन नंबरमध्ये नवी रोपं दोरीवर चढली. पहिला घोस उमलला आणि ठोकळे मुके. मुकादमानं कांड्या बाहेर काढून एकेक वाजवून बघितली, भुर्र, भुर्र, आणि वहिनीला विचारलं की तुमची जुनीच देऊ का, की नवी हवी. दुसरा घोस उमलला. त्या सकाळी एका भोकाच्या तोंडची माती आतून हलली. वहिनी बादलीवरून पुढे सरकली. पॅकिंगच्या बायका आल्या, मुकादम आला. माती पडली, दोन मिशा बाहेर आल्या, मग डोकं, मग सगळं अंग.

काळं कुळकुळीत. निळे ठिपके.

मुकादमानंही शीळ घातली नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. ठिपकेवाली उन्हात बसून पंख वाळवत राहिली, जणू सगळे तिच्याच स्वागताला जमले होते. वहिनीनं मनगट धरलं आणि पुन्हा बादलीवर बसली. बायका हळूहळू पांगल्या.

जेवणाच्या सुट्टीनंतर आणखी एक भोक फुटलं. त्यातून एक पट्टेवाला नर निघाला, मातीनं माखलेला, रागावलेला. मागोमाग दुसरा. संध्याकाळपर्यंत वहिनीनं मोजणं सोडून दिलं होतं. पुढच्या काही दिवसांत बायका निघाल्या, आणि निघाल्या त्या थेट कामाला लागल्या, रजेवरून आल्यासारख्या. अधूनमधून एखादी ठिपकेवाली निघायचीच. बरीच भोकं बुजलेलीच राहिली. पाहुणचार काही अगदी फुकट गेला नव्हता. पण दोन नंबरमध्ये कान दिला तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत भुर्र चालू होतं आणि त्यात कांडी एकही नव्हती.

तिसरा घोस उमलला तेव्हा मालकीणबाई आल्या. आवाजावर त्यांचा विश्वास नव्हता, त्यांनी फुलं पाहिली. पट्टेवाली फुलाला दातांनी धरते तिथे पिवळ्या सुळक्यावर तपकिरी डाग उरतो. डाग म्हणजे काम झाल्याची सही. त्या एकेक घोस बोटांनी उलटा करत ओळीतून चालत गेल्या, मागून मुकादम, त्याच्यामागून वहिनी. डाग. डाग. एक फूल कोरं निघालं तिथे मुकादम थांबला, पण तेवढ्यात त्याच्या बोटांमधूनच एक पट्टेवाली आली, फुलाला लटकली आणि त्याच्या नाकासमोर भुर्र करून गेली. त्यानं ते फूल सोडलं आणि पुढे काही दाखवलं नाही.

ओळ संपल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "दोन नंबर माश्यांचं. आणि वहिनी, तीन नंबरसाठीही ठोकळे करा. किती दिवस लागतील?"

"माती भट्टीवरून आणावी लागेल," वहिनी म्हणाली. "मळायला माणूस लागेल. हे मनगट मळायच्या कामाचं नाही."

मालकीणबाईंनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं आपल्या इस्त्रीच्या बाह्यांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पॅकिंगच्या बायका पाण्याच्या टाकीजवळ मुद्दाम चहा घेऊन उभ्या होत्या. मुकादम घमेल्यासमोर उकिडवा बसला होता, कोपरापर्यंत चिखलात. सुरुवातीला तो नाक वर करून मळत होता, मग त्याला त्यातलं काही तरी कळायला लागलं आणि तो गोळा कानाशी नेऊन खडा वाजतो का ते दाबून बघू लागला. माती नीट बसावी म्हणून त्यानं खोक्यांचे कोपरेसुद्धा पुसून घेतले. वहिनी शेजारी बादलीवर बसली होती. तिनं एक गोळा डाव्या हातानं उचलला, अंगठा रुतवून पाहिला आणि परत घमेल्यात टाकला.

"खडे लागतायत," ती म्हणाली. "बाळंतिणी राहणार आहेत ह्यात. अजून मळा."